पूल पडला तेव्हा ट्रेन भरली: लॉस एंजेलिसच्या मेट्रोलिंकची गोष्ट

ज्यांना हेडफोन लावून तासभर ऐकायला जमत नाही, किंवा ऐकलेलं पुन्हा एकदा शांतपणे वाचायचंय, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जे पसरलं होतं ते जरा आवरून घेतलंय, बाकी गप्पा त्याच.

तर, सुरुवात करू एका तारखेपासून. 17 जानेवारी 1994, सोमवार, पहाटेचे 4 वाजून 31 मिनिटं. लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागाखाली जमीन हलली. भूकंपाची तीव्रता 6.7. त्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर यांच्या नावाची सुट्टी होती आणि वेळ पहाटेची होती, म्हणून रस्ते रिकामे होते. तरीही पन्नासहून जास्त माणसं गेली. हाच धक्का सकाळी साडेआठला बसला असता तर काय झालं असतं, याची कल्पनाही नको वाटते.

शहराच्या उत्तरेला डोंगरात एक खिंड आहे, न्यूहॉल पास. तिथे दोन मोठे फ्रीवे एकत्र येतात, 5 नंबरचा आणि 14 नंबरचा. त्यांना जोडणारे उंच पूल खाली आले. गंमत म्हणजे, गंमत कसली, दुर्दैव म्हणजे, 1971 च्या भूकंपातही हीच जागा कोसळली होती. तेव्हा ते पूल अजून बांधून व्हायचे होते.

या खिंडीच्या पलीकडे सांता क्लॅरिटा आहे, आणि त्याच्याही पुढे वाळवंटाच्या कडेला पामडेल आणि लँकेस्टर. तिथे घरं स्वस्त, म्हणून हजारो कुटुंबं तिथे राहायला गेलेली. नोकरी मात्र खिंडीच्या अलीकडे, शहरात. रोज जाऊन-येऊन दीड-दोनशे किलोमीटर गाडी चालवायची, असा दिनक्रम. आणि एका पहाटे तो रस्ताच गेला.

पण त्याच डोंगराच्या पोटातून एक रेल्वेचा बोगदा जातो. दोन किलोमीटरहून लांब, 1876 सालचा, मुख्यतः चिनी मजुरांच्या हातांनी खोदलेला. सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस यांना पहिल्यांदा रेल्वेनं जोडणारा. तो बोगदा टिकला. आणि त्यातून जेमतेम सव्वा वर्षापूर्वी सुरू झालेली एक नवी लोकल सेवा धावत होती, जिच्याकडे तोवर बहुतेकांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिचं नाव मेट्रोलिंक.

आजची गोष्ट या मेट्रोलिंकची. माझा प्रश्न साधा आहे: जिथे सगळं आयुष्य मोटारीभोवती रचलंय, तिथे नवी लोकल ट्रेन सुरू केली तर लोक बसतात का? आणि बसले, तर टिकतात का?

आधी मुळात ट्रेनच होती

लॉस एंजेलिस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दहा-दहा लेनचे फ्रीवे येतात. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच शहराभोवती जगातल्या सगळ्यात मोठ्या उपनगरी विजेच्या रेल्वेपैकी एक होती. पॅसिफिक इलेक्ट्रिक. तिच्या लाल डब्यांमुळे लोक तिला 'रेड कार' म्हणायचे. ऐन भरात असताना तिचे एकूण रूळ हजार मैलांच्या, म्हणजे 1,600 किलोमीटरच्या वर होते.

ही कंपनी 1901 मध्ये काढली हेन्री हंटिंग्टन यांनी. आता इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. हंटिंग्टन यांचा खरा नफा तिकिटांत नव्हता, जमिनीत होता. माळरान स्वस्तात घ्यायचं, तिथपर्यंत रूळ टाकायचे, आणि मग 'डाऊनटाऊनपासून इतक्या मिनिटांवर' असं सांगून प्लॉट विकायचे. ट्रेन म्हणजे प्लॉटची जाहिरात. आपल्याकडे हायवेलगतच्या बिल्डरांचे फलक आठवा, 'स्टेशनपासून फक्त 10 मिनिटं'. तेच, फक्त इथे स्टेशनसुद्धा बिल्डरनेच बांधलेलं.

पण प्लॉट एकदा विकले गेले की जाहिरातीवर कोण खर्च करणार? 1911 पर्यंत कंपनी सदर्न पॅसिफिक या बड्या रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेली. तिचा जीव मालगाडीत. आणि जमीन अशी दूरदूर विकली गेल्यामुळे शहर पसरट झालं होतं. पसरट शहरात मोटार सोयीची. म्हणजे बघा, मोटारीला लागणारं शहर आधी ट्रेननेच बांधून दिलं.

1920 च्या दशकात मोटारी इतक्या वाढल्या की डाऊनटाऊनच्या रस्त्यांवर ट्राम आणि मोटार दोन्ही एकाच कोंडीत अडकायच्या. 1920 साली शहराने दिवसा डाऊनटाऊनमध्ये गाडी पार्क करायला बंदी घातली. दुकानदार आणि मोटारवाले इतके चिडले की काही आठवड्यांतच बंदी सैल करावी लागली. रस्ता कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं होतं म्हणा ना. 30 डिसेंबर 1940 ला अरोयो सेको पार्कवे सुरू झाला आणि फ्रीवेचं युग आलं.

इथे एक लोकप्रिय कथा आहे, तुम्हीही रीलमध्ये पाहिली असेल: 'जनरल मोटर्सने कट करून लॉस एंजेलिसच्या ट्रेन मारल्या.' 1988 चा 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' हा सिनेमाही याच कल्पनेवर बेतलाय. यात तथ्य आहे, पण अर्धं. जनरल मोटर्सचा पैसा असलेल्या नॅशनल सिटी लाइन्सने 1945 मध्ये लॉस एंजेलिसची एक ट्राम कंपनी घेतली खरी, पण ती शहरातली पिवळ्या डब्यांची दुसरी कंपनी. 1949 मध्ये या कंपन्यांना शिक्षाही झाली, ती बस आणि सुट्या मालाच्या विक्रीत मक्तेदारीचा कट केला म्हणून. जनरल मोटर्सला दंड किती? 5,000 डॉलर.

रेड कारचं मरण वेगळं, आणि जास्त कंटाळवाणं. रूळ जुने झाले, नवे टाकले नाहीत. गाड्या कोंडीत अडकून उशिरा यायला लागल्या, म्हणून प्रवासी गेले. प्रवासी गेले म्हणून फेऱ्या कमी केल्या, आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून उरलेलेही गेले. 1953 मध्ये प्रवासी सेवा एका बस कंपनीला विकली, 1958 मध्ये ती सरकारी संस्थेकडे आली. आणि एप्रिल 1961 मध्ये शेवटची लाइन, डाऊनटाऊन ते लाँग बीच, त्या सरकारी संस्थेनेच बंद केली. 1902 मध्ये सगळ्यात आधी सुरू झालेली लाइन हीच होती. व्हिलन शोधणाऱ्यांची इथे निराशा होते. कोणी एकाने खून केला नाही, सगळ्यांनी मिळून दुर्लक्ष केलं.

रूळ दुसऱ्याचे, तर टाइमटेबलही दुसऱ्याचं

पुढची तीस वर्षं लॉस एंजेलिस फक्त रस्त्यावर जगलं. मधे एक प्रयत्न झाला, तो सांगायलाच हवा. 1982 मध्ये राज्य सरकारने ऑक्सनार्ड ते लॉस एंजेलिस अशी लोकल सुरू केली. रूळ सदर्न पॅसिफिकचे, आणि त्या कंपनीला आपल्या मालगाड्यांमध्ये ही पाहुणी नकोच होती. कोर्टकचेऱ्या झाल्या, प्रवासी थोडे, आणि काही महिन्यांतच, 1983 मध्ये, सेवा बंद.

यातून एक धडा मिळाला: रूळ तुमचे नसतील तर ट्रेनही तुमची नाही.

1990 हे वर्ष निर्णायक ठरलं. जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी रेल्वेसाठी रोखे काढायला मंजुरी दिली. प्रस्ताव 108 खाली 100 कोटी डॉलर, प्रस्ताव 116 खाली 199 कोटी डॉलर. सोबत पेट्रोलवरचा करही वाढवून घेतला. विचार करा, मोटारीच्या राज्यात लोकांनी पेट्रोल महाग करायला हो म्हटलं! कारण कोंडीने सगळेच वैतागले होते. अर्थात, यातल्या कित्येकांच्या मनात 'शेजारी ट्रेनने जाईल, मग माझा रस्ता मोकळा होईल' हा हिशोब असणार. हा माझा अंदाज, पण कुठल्याही शहरात चार मोटारवाल्यांना विचारून बघा.

आणि नेमकं याच वेळी सदर्न पॅसिफिकला पैशांची चणचण होती. 1990 च्या अखेरीस लॉस एंजेलिस काउंटीच्या वाहतूक आयोगाने त्या कंपनीकडून सुमारे 280 किलोमीटरचे मार्ग 45 कोटी डॉलरला घेतले. पुढे सांता फे कंपनीशीही असेच सौदे झाले. जे रूळ हंटिंग्टन यांच्या काळात खाजगी फायद्यासाठी होते, त्याच प्रकारचे रूळ आता लोकांच्या पैशाने लोकांचे झाले.

1991 मध्ये पाच काउंटींनी मिळून एक प्राधिकरण काढलं: लॉस एंजेलिस, ऑरेंज, रिव्हरसाइड, सॅन बर्नार्डिनो आणि व्हेंचुरा. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पाच जिल्हा परिषदांना एका टेबलावर बसवून एक टाइमटेबल ठरवायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

26 ऑक्टोबर 1992, सोमवार. मेट्रोलिंक सुरू झाली. तीन लाइन, तिन्ही डाऊनटाऊनच्या युनियन स्टेशनकडे येणाऱ्या: एक मूरपार्कहून, एक सांता क्लॅरिटाहून, एक पोमोनाहून. रूळ विकत घेतल्यापासून दोन वर्षांच्या आत! नवा बोगदा नाही, नवा उन्नत मार्ग नाही. होते ते रूळ दुरुस्त केले, सिग्नल सुधारले, प्लॅटफॉर्म बांधले आणि दुमजली डबे आणले. इंजिन डिझेलचं, एका टोकाला. जाताना ते ओढतं, परत येताना मागून ढकलतं आणि ड्रायव्हर दुसऱ्या टोकाच्या डब्यात बसतो. त्यामुळे इंजिन फिरवायचा वेळ वाचतो.

तीन महिन्यांनी, 30 जानेवारी 1993 ला, युनियन स्टेशनपासून शहराची पहिली भुयारी मेट्रो सुरू झाली. पाचच स्टेशनं, सात किलोमीटर. पण ही छोटी लाइन फार महत्त्वाची होती. कारण युनियन स्टेशन डाऊनटाऊनच्या कडेला आहे, ऑफिसं जरा लांब. ट्रेनमधून उतरल्यावर शेवटचे दोन किलोमीटर कसे जायचे, हे ठरल्याशिवाय आधीच्या पन्नास किलोमीटरना अर्थ नसतो.

सव्वा वर्षाची ट्रेन आणि सव्वाशे वर्षांचं काम

आता परत जाऊ त्या भूकंपाकडे.

पूल पडले त्या आठवड्यात सांता क्लॅरिटाहून शहरात यायचं तर डोंगरातले वळणावळणाचे रस्ते, नाहीतर तासन्‌तास वळसा. मेट्रोलिंकच्या त्या लाइनवर भूकंपाआधी रोज हजाराच्या आसपास प्रवासी असायचे. भूकंपानंतर काही दिवसांतच आकडा 22 हजारांच्या जवळ गेला. वीसपटीहून जास्त!

पण लाइन सांता क्लॅरिटाला संपत होती. लँकेस्टर आणि पामडेल अजून कितीतरी पुढे. रूळ तिथपर्यंत होतेच, 1876 पासून होते, पण स्टेशनं नव्हती. एरवी एक स्टेशन बांधायचं म्हणजे पर्यावरण अहवाल, सुनावण्या, निविदा, दोन-चार वर्षं कुठे गेली कळत नाही. इथे नौदलाच्या बांधकाम तुकड्या कामाला लागल्या. तात्पुरते प्लॅटफॉर्म उभे राहिले, पार्किंगसाठी जागा सपाट केल्या. आणि 24 जानेवारीला, भूकंपानंतर बरोबर एका आठवड्याने, ट्रेन लँकेस्टरपर्यंत गेली. लॉस एंजेलिसपासून 120 किलोमीटरहून जास्त! डबे कमी पडले म्हणून कॅनडातल्या टोरांटोच्या लोकल सेवेकडून उसने आणले.

या सगळ्या गोष्टीत मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जे 'होऊच शकत नाही' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं, ते एका आठवड्यात झालं. पैसा, यंत्रणा, जागा, सगळं होतं. फक्त घाई नव्हती.

आता याची दुसरी बाजू. घाई रस्त्यासाठीही होती, आणि जास्त होती. शहरातला सांता मोनिका फ्रीवेही भूकंपात तुटला होता. राज्य सरकारने कंत्राटात अट घातली: मुदतीआधी जितके दिवस काम संपवाल, त्या प्रत्येक दिवसाला 2 लाख डॉलर बक्षीस. कंत्राटदाराने रात्रंदिवस काम करून 66 दिवसांत पूल उभे केले, मुदतीच्या 74 दिवस आधी. बक्षीस दीड कोटी डॉलरच्या जवळपास गेलं. एप्रिलमध्ये हा रस्ता सुरू, मेमध्ये 5 नंबरचा, आणि मग टप्प्याटप्प्याने 14 नंबरचेही पूल.

आणि जसजसे पूल उभे राहिले, तसतसे प्रवासी गाडीत परतले. 22 हजारांतले बहुतेक.

इथे घाईने 'लोकांना सवयच नाही' असं म्हणू नका. हा निष्कर्ष सोपा आहे, म्हणून सगळे तोच काढतात. त्या प्रवाशाच्या जागी बसून बघा. लँकेस्टरहून ट्रेनला दोन तास लागतात, कारण रूळ 1876 चे, दरीतून वळणं घेत जाणारे. रस्ता मोकळा असेल तर गाडीला सव्वा-दीड तास. ट्रेन सकाळी शहराकडे जाते, संध्याकाळी परत येते. मधल्या वेळेत फेऱ्या मोजक्या. दुपारी शाळेतून फोन आला, मुलाला ताप आहे, तर? ऑफिसात उशीर झाला आणि शेवटची गाडी चुकली, तर? मुंबईत नऊ सतराची चुकली तर नऊ बावीसची मिळते, म्हणून लोक निर्धास्त असतात. आपण ज्याला 'लोकलची सवय' म्हणतो ना, ती खरं तर या पाच मिनिटांवरच्या पुढच्या गाडीची सवय आहे.

भूकंपात ट्रेन बदलली नव्हती, रस्ता बदलला होता. रस्ता पुन्हा आधीसारखा झाला, मग माणसंही आधीसारखी वागली. यात आश्चर्य काय?

तरीही सगळं वाया गेलं नाही. लँकेस्टरची लाइन बंद झाली नाही, आजही ती चालू आहे. सांता क्लॅरिटातलं व्हिया प्रिन्सेसा नावाचं तात्पुरतं स्टेशन पुढे अनेक वर्षं वापरात राहिलं. जे थोडे हजार लोक ट्रेनमध्ये टिकले, ते त्या भूकंपाआधी तिथे नव्हतेच. नव्या सेवेचं यश असंच मोजावं लागतं. लाट ओसरल्यावर किनाऱ्यावर काय उरलं, ते बघून.

दुसऱ्याच्या रुळांची किंमत

आता एक कठीण भाग. हा गाळून मेट्रोलिंकची गोष्ट सांगणं मला बरोबर वाटत नाही.

जुने रूळ वापरल्याने सेवा लवकर आणि स्वस्तात सुरू झाली, हे खरं. पण त्याच रुळांवर मालगाड्याही धावत होत्या, आणि कित्येक ठिकाणी मार्ग एकेरी होता. म्हणजे समोरून गाडी येत असेल तर एकाने साइडिंगला थांबायचं. सगळी भिस्त सिग्नलवर, आणि तो बघणाऱ्या माणसावर.

12 सप्टेंबर 2008, शुक्रवार, दुपारचे 4 वाजून 22 मिनिटं. चॅट्सवर्थजवळ मेट्रोलिंकची लोकल लाल सिग्नल ओलांडून एकेरी मार्गावर गेली आणि समोरून येणाऱ्या मालगाडीवर आदळली. 25 माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. आठवडा संपवून घरी निघालेली माणसं होती ती.

चौकशीत कळलं की ड्रायव्हर ड्युटीवर मोबाइलवरून मेसेज करत होता. शेवटचा मेसेज धडकेच्या 22 सेकंद आधीचा. स्मार्टफोन अजून घरोघरी पोहोचायचा होता, साध्या फोनचा काळ. तुमच्यापैकी बहुतेक जण हे फोनवर वाचताय, म्हणून मुद्दाम सांगतोय, आणि पुढे उपदेश करत नाही.

पण माणसाची चूक दाखवून हात झटकणं सोपं असतं. गाडीने लाल सिग्नल ओलांडला की तिला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा ही नवी कल्पना नव्हती. अपघातांची चौकशी करणारं अमेरिकेचं राष्ट्रीय मंडळ 1990 पासून ती मागत होतं. रेल्वे कंपन्या म्हणत होत्या, फार महाग आहे. चॅट्सवर्थनंतर महिनाभरात, ऑक्टोबर 2008 मध्ये, अमेरिकेत कायदा झाला: प्रवासी गाड्या धावतात त्या मुख्य मार्गांवर ही यंत्रणा सक्तीची. अठरा वर्षं जे महाग होतं, ते 25 मृत्यूंनंतर परवडायला लागलं. मेट्रोलिंकने ती देशातल्या इतर लोकल सेवांच्या आधी बसवली. आणि जखमी आणि मृतांच्या कुटुंबांना मिळून नुकसानभरपाई किती? 20 कोटी डॉलर, कारण 1997 च्या एका कायद्याने एका अपघातासाठी तेवढीच कमाल मर्यादा घातली होती. ती सगळ्यांत वाटताना न्यायाधीशांनाही कमी पडली.

स्वस्तात सुरू केलेल्या सेवेत काही बिलं नंतर येतात, ती ही अशी.

मग ही सेवा यशस्वी की अयशस्वी?

आकडे बघू. करोनाच्या आधी मेट्रोलिंकमध्ये कामाच्या दिवशी सुमारे 40 हजार वेळा माणसं चढत होती. आणि ज्या पाच काउंटींमध्ये ती धावते, तिथली लोकसंख्या 1 कोटी 80 लाखांहून जास्त. म्हणजे समुद्रात खसखस. टीकाकार हा आकडा नेहमी दाखवतात, आणि तो खरा आहे.

पण दुसरा हिशोब करून बघा. फ्रीवेची एक लेन तासाला साधारण 2,000 गाड्या वाहते, आणि बहुतेक गाड्यांत एकटा माणूस. पाच दुमजली डब्यांच्या ट्रेनमध्ये सुमारे 700 माणसं बसतात. म्हणजे तासाला तीन भरलेल्या ट्रेन म्हणजे एक अख्खी लेन. डोंगरातल्या खिंडीत आणखी एक लेन कापायला काय लागतं, याचा विचार केला की ट्रेन एकदम स्वस्त वाटायला लागते. अट एकच, ती भरलेली हवी.

आणि ती भरत नाही याचं एक कारण शहराच्या नकाशातच आहे. मेट्रोलिंक आखली ती 'सकाळी सगळे डाऊनटाऊनला जातात' या समजुतीवर. पण लॉस एंजेलिसच्या बहुतेक नोकऱ्या डाऊनटाऊनमध्ये नाहीतच, त्या सगळीकडे विखुरल्यात. हे लक्षात आल्यावर 1995 मध्ये एक लाइन अशी काढली की जी डाऊनटाऊनला जातच नाही, सॅन बर्नार्डिनोहून थेट ऑरेंज काउंटीला जाते. उपनगरातून उपनगरात. अमेरिकेत अशी लोकल ही पहिलीच. कारण स्वस्त घरं एका उपनगरात आणि ऑफिस पार्क दुसऱ्या उपनगरात!

स्टेशनांचंही तसंच. बहुतेक स्टेशनांभोवती काय आहे? पार्किंग. मोठमोठे वाहनतळ. म्हणजे ट्रेन पकडायलाही आधी गाडी हवी. घराकडच्या टोकाला हे चालतं. पण उतरण्याच्या टोकाला तुमची गाडी नसते ना! तिथे बस हवी, फुटपाथ हवा, सावली हवी.

मग 2020 मध्ये करोना आला. ऑफिसं घरात शिरली, आणि प्रवासी संख्या एक दशांशावर आली. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच, या एका ग्राहकावर जगणाऱ्या सेवेचा ग्राहकच गेला. आणि इथे, बत्तीस वर्षांनी, मेट्रोलिंकने तो बदल केला जो पहिल्या दिवसापासून हवा होता. ऑक्टोबर 2024 मध्ये नवं टाइमटेबल आलं: दुपारच्या जास्त फेऱ्या, संध्याकाळी उशिराच्याही, एका लाइनवरून उतरून दुसरी पकडता येईल अशा वेळा. त्याआधी वर्षभर विद्यार्थ्यांना प्रवास मोफत केला होता. उद्देश एकच: ही फक्त 'ऑफिसची गाडी' राहू नये. दवाखान्यात जाणारी आजी, कॉलेजचा पोरगा, शिफ्टची नर्स, यांचीही व्हावी.

हे पुरेल का, ते पुढची काही वर्षं सांगतील. पण दिशा मला पटते.

फीत नको, टाइमटेबल बघा

माझं म्हणणं थोडक्यात. नवी ट्रेन सुरू झाली की आपण दोनच गोष्टी बघतो: उद्घाटनाची गर्दी, आणि सहा महिन्यांनंतरचे रिकामे डबे. पहिल्यावरून म्हणतो 'क्रांती', दुसऱ्यावरून म्हणतो 'पैसा पाण्यात'. लॉस एंजेलिसची गोष्ट सांगते की दोन्ही वेळा आपण चुकीच्या जागी बघत असतो. पूल पडल्यावर वीसपट लोक बसले, म्हणजे लोकांचा ट्रेनला विरोध नव्हता. पूल उभा राहिल्यावर ते गेले, म्हणजे नुसती ट्रेन असणं पुरेसं नव्हतं. या दोन्हींच्या मधे जे आहे, तेच खरं काम: दुपारी दोनची गाडी, उतरल्यावरची बस, स्वतःच्या मालकीचे रूळ, आणि आपोआप लागणारा ब्रेक. यातल्या कशाचंही उद्घाटन होत नाही. कोणी मंत्री दुपारी दोनच्या फेरीला हिरवा झेंडा दाखवत नाही.

तुमच्या शहरात नवी लाइन येत असेल, किंवा नुकतीच आली असेल, तर पुढच्या वेळी बातमी वाचताना हे प्रश्न विचारून बघा. चुकली तर पुढची गाडी किती वेळाने? उतरल्यावर पुढे कसं जायचं? आणि समांतर जाणारा रस्ता त्याच वेळी रुंद करतायत का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण एका हाताने ट्रेन आणि दुसऱ्या हाताने फुकट रस्ता दिला, तर माणूस काय निवडतो, हे 1994 च्या उन्हाळ्यात आपण बघितलंच.

लाँग बीचच्या लाइनचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. 1961 मध्ये बंद केलेली ती लाइन 14 जुलै 1990 ला पुन्हा सुरू झाली, बरीचशी त्याच जुन्या मार्गावर. मधली एकोणतीस वर्षं ती जमीन कोणी इमारती बांधून संपवली नव्हती, कारण त्यावरून मालगाड्या चालत राहिल्या. म्हणून एक विनंती: तुमच्या गावात एखादा जुना, गवत वाढलेला रेल्वेमार्ग असेल, तर त्यावर काही बांधायची कल्पना निघेल तेव्हा जरा कान टवकारा. रूळ परत टाकता येतात. जागा गेली की गेली.

तुमच्या भागात असा मार्ग आहे का? असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, फोटो असेल तर तोही टाका. त्यावर एक वेगळा एपिसोड करू. तोपर्यंत, ऐकत राहा. आणि गाडी चालवताना ऐकत असाल, तर फोन खिशातच राहू द्या.